किल्ट आणि बाराबंदी



दरवर्षी १७ मार्च रोजी आयर्लंडमध्ये, आणि आयरिश लोक जेथे जेथे जाऊन राहिले आहेत अशा सर्व देशांत, संत पॅट्रिकचा सण साजरा होतो. न्यूयॉर्क शहरी या दिवशी निघणारी मिरवणूक तर १७६२ पासूनची. अशा मिरवणुकीत मशकबाजा वाजविणारी पथके चालतात, आणि त्यांतील पुष्कळांच्या कमरेस गुडघ्यापर्यंत येणारे, मागे चुण्या असलेले एक लोकरी वस्त्र असते. त्यास किल्ट म्हणतात. पाहणारा सहजच समजतो, की हा आयरिश लोकांचा पुरातन वेष होय. इतिहास मात्र निराळे सांगतो. आणि तो ऐकून घेतल्यावर आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतील बाराबंदीकडेही आपण थोड्या निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

संत पॅट्रिक हा पाचव्या शतकातला. त्याचा जन्म आयर्लंडमधला नव्हे, ब्रिटनमधला. वयाच्या सोळाव्या वर्षी लुटारूंनी त्यास पळवून आयर्लंडमध्ये गुलाम म्हणून ठेविले. तो निसटला, आणि पुढे धर्मोपदेशक होऊन त्याच देशी परत गेला. त्याच्या हयातीत किल्ट नावाची वस्तूच नव्हती. मध्ययुगातील आयरिश मनुष्य लांब सदरा घालीत असे आणि त्यावर जाड झगा पांघरीत असे. सदरा पुष्कळदा केशरी रंगविलेला असे. हा केशरी सदरा इंग्रज राज्यकर्त्यांच्या डोळ्यांत इतका सलला, की १५३७ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत कायदा करून त्यास बंदी घालण्यात आली. त्याच कायद्याने आयरिश धर्तीच्या केशरचनेवर व भाषेवरही घाला घातला. आयरिशांचा खरा जुना वेष असा कायद्याच्या आणि काळाच्या तडाख्यात लोपला.

किल्ट जन्मला तो शेजारच्या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात. तेथील लोक चौकड्यांचे एक लांबरुंद लोकरी वस्त्र कमरेस गुंडाळून त्याचा उरलेला भाग खांद्यावर घेत. आपल्या धनगराच्या घोंगडीप्रमाणे तेच दिवसा वस्त्र आणि रात्री पांघरूण. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा वरचा भाग गाळून केवळ खालचा भाग नेसण्याची चाल पडली. कामकऱ्यांना मोकळेपणी वावरता यावे म्हणून रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड कारखानदाराने ही युक्ती काढली, असे कित्येक अभ्यासक मानतात. स्कॉटिश अभिमान्यांना अर्थातच ते रुचत नाही.

पुढे १७४५ मध्ये या डोंगराळ मुलखातून राजाविरुद्ध बंड उठले. ते मोडल्यावर १७४६ साली पार्लमेंटने तेथील वेषावरच बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यास सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. सूट होती ती राजाच्या पलटणींत चाकरी करणाऱ्यांना! ही बंदी १७८२ मध्ये उठली. पुढे चाळीस वर्षांनी, १८२२ साली, चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तो स्वतः किल्ट नेसून मिरवला. ज्या वस्त्रापायी गरीब डोंगरकरी तुरुंगाचा धनी होत होता, तेच आता राजाच्या अंगी शोभू लागले.

हे स्कॉटिश वस्त्र आयर्लंडमध्ये आले कसे? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयरिश भाषा, खेळ, संगीत यांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ उभी राहिली, तेव्हा इंग्रजी कोटपाटलोणीहून वेगळा असा स्वतःचा वेष हवा, असे तरुणांना वाटू लागले. १९०० साली विशीतल्या पॅट्रिक पिअर्सला एका परिचिताने या बाबतीत सल्ला विचारला. पिअर्सने जुन्या वस्त्रांचे नमुने पाहिले आणि प्रांजळपणे कळविले, की किल्ट पुराव्याच्या कसोटीस कमी उतरतो, तरीही आपणांस तोच अधिक पसंत आहे. पुढे १९०८ साली त्याने शाळा काढली, तिचे विद्यार्थी किल्ट वापरू लागले. एप्रिल १९१६ मध्ये डब्लिन शहरी उठाव झाला, आणि ३ मे रोजी पिअर्सला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच एप्रिल महिन्यात बेळगावी लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग स्थापिली. तिचे नाव आयरिश चळवळीवरूनच घेतलेले होते. दुसऱ्याची उपयुक्त वस्तू घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आयर्लंडच्या परगण्यांच्या नावांनी आज जी निरनिराळी चौकडीची कापडे विकली जातात, त्यांपैकी एक प्रसिद्ध मालिका तर १९९६ साली एका स्कॉटिश कंपनीने बाजारात आणली. मग १७ मार्चला किल्ट नेसणारा आयरिश मनुष्य सोंग आणतो असे म्हणावयाचे काय? उत्तर देण्यापूर्वी आपल्या घरात डोकावून पाहू.

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरी श्रीसिद्धेश्वराची यात्रा भरते. आमच्या कुंभारीसारख्या आसपासच्या गावांतून माणसे लोटतात. बाळीवेशीतील हिरेहब्बूंच्या वाड्यापासून सात नंदीध्वज निघतात, सिद्धरामांनी स्थापिलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, आणि दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षतांचा सोहळा. सिद्धरामांशी विवाह करण्याचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येस त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुज्ञा दिली, त्या कथेचे हे स्मरण. या दिवसांत भक्तगण पांढरी शुभ्र बाराबंदी घालतात. छातीवर एकमेकांवर येणारे दोन पदर आणि ते बांधावयास बारा बंद, म्हणून ती बाराबंदी.

आता हिशेब पाहा. सिद्धराम बाराव्या शतकातले, त्यांची वचने कानडी. बाराबंदी हा मराठेशाहीत आणि पेशवाईत रूढ असलेला नित्याचा वेष. त्यात सणापुरते असे काही नव्हते. पुढे कोट आणि शर्ट आले, बाराबंदी रोजच्या अंगावरून उतरली, आणि सोलापुरी यात्रेत टिकून राहिली. कानडी संताच्या उत्सवात मराठी अंगरखा, आणि तो घालणारे मराठी, कानडी, तेलुगू असे तिन्ही भाषा बोलणारे! पॅट्रिकच्या सणात किल्ट जितका पाहुणा, तितकीच सिद्धरामांच्या सोहळ्यात बाराबंदी पाहुणी. म्हणून तिला कोणी खोटी म्हणेल काय?

माझ्या मते वेषाचा खरेपणा त्याच्या जन्मतारखेत नसतो, तो घालून मनुष्य काय करतो यात असतो. उंच, जड नंदीध्वज एकट्याने तोलून धरणे हे काही येरागबाळ्याचे काम नव्हे; यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून त्याचा सराव चालतो. त्या श्रमाच्या घामाने बाराबंदी भिजते आणि त्या मानाची होते. मशकबाजा फुंकीत मैलोगणती चालणाऱ्या वादकाचा किल्टही तसाच. कामाशी असलेली ही गाठ सुटली, की वेष केवळ छायाचित्रापुरता उरतो.

परंतु याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. वेष सहस्र वर्षांचा आहे अशी थाप एकदा खपली, की पाठोपाठ दुसरी येते: हा आमचाच, तुमचा नव्हे. खोट्या प्राचीनतेचा उपयोग बहुधा दुसऱ्यास दाराबाहेर ठेवण्याकडे होतो. खरा इतिहास ठाऊक असलेल्यास तसे करणे अवघड जाते. कारण आपल्याही अंगावरचे वस्त्र कोठून तरी आलेले आहे, हे तो जाणतो. पिअर्सने पुरावा कमी आहे हे कबूल केले आणि मगच आवड सांगितली. आपणही मुलांना बाराबंदी घालताना ती केव्हाची आणि कोणाकोणाची हे सांगावे. तिचे बारा बंद बांधताना जर शेजारच्या मुलासही एक बाराबंदी शिवून द्यावीशी वाटली, तर इतिहास शिकल्याचे सार्थक झाले म्हणावयाचे.