समूहगानाविना संगीतिका : महासाथीतील अमेरिकी शालेय रंगभूमी

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत संगीतिकेचा हंगाम बहुधा वसंतात येतो. हिवाळ्यात पात्रनिवड, मग तालमी आणि मार्च ते मे या काळात मोजके प्रयोग. २०२० च्या मार्चमध्ये अनेक शाळांचे नेपथ्य उभे होते, पोशाख शिवून तयार होते. १२ मार्चला न्यूयॉर्कमधील ब्रॉडवेची नाट्यगृहे बंद झाली आणि पाठोपाठ देशभरच्या शाळाही. बारावीच्या मुलांच्या दृष्टीने हा प्रयोग लांबणीवर पडला नव्हता, तो कायमचा हुकला होता. ब्रॉडवेवरील अभिनेत्री लॉरा बेनान्टी हिने त्याच महिन्यात अशा मुलांना आवाहन केले की, आपली गाणी ध्वनिचित्रमुद्रित करून समाजमाध्यमांवर टाका. त्यातून पुढे एक माहितीपटही झाला. मात्र त्या चित्रफितींत मूल एकटे गात होते, आणि खरी अडचण नेमकी तिथेच होती.

मराठी संगीत नाटकात नांदी सोडली तर पद म्हणणारा नट बहुधा एकटा असतो. अमेरिकी संगीतिकेचा कणा मात्र समूहगान आहे. शाळेत तर ते अधिकच खरे, कारण प्रमुख भूमिका दोन-चार जणांच्याच वाट्याला येतात. उरलेल्या सगळ्या मुलांना रंगमंचावर जागा मिळते ती समूहामुळे.

आणि धोका समूहगानातच निघाला. १० मार्च २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट काउंटीत एका हौशी गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. उपस्थित ६१ जणांपैकी ५३ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले, दोघे दगावले. मे महिन्यात या घटनेचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि शाळेतील गायनवर्गाकडे पाहण्याची नजरच बदलली. आजवर फुप्फुसांचा व्यायाम मानले गेलेले गाणे संसर्गाचे साधन ठरले.

शाळांना उत्तर हवे होते, निव्वळ मनाई नको होती. शालेय उपक्रमांचे राष्ट्रीय महामंडळ व संगीतशिक्षकांच्या संघटना यांनी खर्च उचलून कोलोरॅडो (बोल्डर) आणि मेरीलँड विद्यापीठांत गायक-वादकांच्या श्वासातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांचे मोजमाप करवून घेतले. त्यातून निघालेल्या सूचना अगदी घरगुती वाटाव्यात अशा होत्या : गातानाही मुखपट्टी, दोघांत सहा फूट अंतर, तालीम तीस मिनिटांची, मग खोली रिकामी करून हवा बदलू द्यायची, आणि फुंकवाद्यांच्या तोंडावर कापडी आच्छादन. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमधील एका अभ्यासाने आणखी एक मुद्दा पुढे आणला. सारख्याच पट्टीच्या आवाजात गाणे आणि बोलणे यांत फार मोठा फरक नव्हता. कण झपाट्याने वाढत ते आवाज चढल्यावर. म्हणजे हळू गावे. पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवा, हेच तर नाट्यशिक्षक वर्षानुवर्षे बजावत आले होते!

मग जालावर एकत्र का गाऊ नये? कारण दृश्यसंवादात आवाज क्षणभर उशिरा पोहोचतो. बोलण्यात तो उशीर खपतो, तालात खपत नाही. शिवाय अशा प्रणाली एका वेळी एकाच वक्त्याला पुढे आणून इतरांचा आवाज दाबतात. यावर तोड होती ती संगीतकार एरिक व्हिटेकर याने २०१० मध्ये १२ देशांतील १८५ गायकांचा आभासी वृंद जुळवताना वापरलेली. प्रत्येकाने कानात पियानोची साथ ऐकत आपापल्या घरी एकट्याने गायचे, नंतर सगळे मुद्रण एकावर एक बसवायचे. शाळांनी हीच रीत उचलली. दिग्दर्शन करणारा शिक्षक त्यामुळे रात्र-रात्र संकलन करणारा तंत्रज्ञ झाला. मुलांना मात्र शेजारच्याचा सूर ऐकू येत नव्हता. पडद्यावर वृंद दिसत होता, पण तो एकत्र कधीच गायला नव्हता.

फारशी चर्चा न झालेला एक अडसर कायद्याचा होता. संगीतिकेच्या प्रयोगाचा परवाना शाळेला हक्कधारक संस्थेकडून विकत घ्यावा लागतो आणि त्यात जालावरील प्रक्षेपण सहसा धरलेले नसे. २०२० मध्ये या संस्थांनी काही संगीतिकांसाठी तशी मुभा दिली, काहींसाठी नाही. त्यामुळे कोणती संगीतिका करायची, हे अनेकदा शिक्षकांच्या आवडीऐवजी हक्कांच्या यादीवर ठरू लागले.

दुसरा मार्ग उघड्या हवेचा. ऑगस्ट २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे ‘गॉडस्पेल’ तंबूत सादर झाले. नटांच्या व्यावसायिक संघटनेने महासाथीत संमती दिलेली ही पहिली संगीतिका. नटांमध्ये अंतर राखलेले आणि पारदर्शक आडोसे उभारलेले. अनेक शाळांनीही मैदाने आणि वाहनतळ जवळ केले. शालेय संगीतिकांचा राष्ट्रीय सन्मान असलेला ‘जिमी’ पुरस्कार सोहळा २०२० मध्ये रद्द झाला, २०२१ मध्ये जालावर झाला.

ब्रॉडवेच्या मोठ्या संगीतिका सप्टेंबर २०२१ मध्ये परतल्या. नोव्हेंबरच्या १२ ते १५ तारखांना ‘म्युझिक थिएटर इंटरनॅशनल’ या हक्कधारक संस्थेने ‘ऑल टुगेदर नाउ’ हा निवडक गाण्यांचा कार्यक्रम शाळांना व स्थानिक नाट्यसंस्थांना निधी उभारण्यासाठी विनाशुल्क खुला केला. तेव्हा वसंतात प्रयोग करणाऱ्या बहुतेक शाळांत बारावीच्या मुलांनी शेवटची पूर्ण संगीतिका केली होती ती नववीत असताना. विंगेत कुठे थांबायचे, अंधारात नेपथ्य कसे हलवायचे, कुणाचा सूर ऐकून आपला सूर धरायचा, हे खालच्या तिन्ही इयत्तांना सांगू शकतील असे शाळेत तेवढेच उरले होते, आणि तेही सहा-सात महिन्यांत शाळा सोडणार होते.