रुमालापासून कळफलकापर्यंत

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांतील वैराग हें बाजाराचें गांव. अशा गांवाचा सारा लेखी व्यवहार एके काळीं कुळकर्ण्याच्या घरीं रुमालांत बांधलेला असे. रुमाल म्हणजे कागदांच्या गठ्ठ्याभोंवतीं गुंडाळलेलें फडकें. जमीन कोणाची, सारा किती, वांटणी कशी झाली, याचा पुरावा त्या फडक्याच्या गांठींत. नेहमीं लागणारा रुमाल हाताशीं ठेवावा आणि क्वचित् लागणारा माळ्यावर टाकावा, ही रचना कोणीं शिकविलेली नव्हती. ती कामानेंच घडविली.

जी गोष्ट कागदांची, तीच लेखणीची. मोडी लिहिणारा आधीं रेघ ओढी आणि मग तिच्याखालीं, बोरू होतां होईल तों न उचलतां, अक्षरें जोडीत जाई. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर त्या लिपीस नव्हती. ‘परगणे’, ‘राजश्री’ यांसारखे वारंवार येणारे शब्द तो पुरे लिहीतच नसे. पहिल्या अक्षरापुढें दोन उभ्या रेघा ओढल्या, कीं काम भागलें.

संगणकावरील दप्तराचा इतिहास यापाहून निराळा नाहीं. १९८६ सालीं निघालेल्या नॉर्टन कमांडर या आज्ञावलीनें पडद्यावर दोन कप्पे शेजारीं शेजारीं मांडले आणि नक्कल करणें, हलविणें, खोडणें हीं कामें एकेका कळीस वांटून दिलीं. कळींचीं कामें पडद्याच्या तळाशीं लिहिलेलीं असत, आणि स्वतःच्या आज्ञांची यादीहि वापरणाऱ्यास करून ठेवतां येई. १९९३ सालचा विंडोज कमांडर, जो पुढें टोटल कमांडर झाला, त्यानें बटणांची पट्टीहि ज्याची त्यानें मांडावी अशी मोकळीक दिली. उलट २०२१ सालच्या विंडोज ११ मध्यें फाइलींच्या खिडकीवरील पट्टी आपल्या सोयीनें लावण्याची पूर्वीची सवलत राहिली नाहीं. सर्वांस एकच मांडणी कीं ज्याची त्याची निराळी, हा वाद असा अजून मिटलेला नाहीं.

दोन्ही बाजूंस तथ्य आहे. आडवाट ज्यानें पाडली त्यासच ती ठाऊक असते. १९५१ सालीं कुळकर्णी वतनें रद्द झालीं आणि दप्तरें तलाठ्यांकडे गेलीं. मोडीहि शाळांतून गेली. पुढें २०२३ सालीं कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां कागद होते, पण ते वाचणारे शोधावे लागले. ज्या दोन रेघांनीं कारकुनाचा क्षण वांचविला, त्यांचा अर्थ लावण्यांत नातवंडांचे दिवस गेले.

म्हणून मांडणी आपल्या हाताजोगी करावी, त्यांत दोष नाहीं. मात्र कोणती कळ कोणतें काम करते, याची एक यादी साध्या भाषेंत लिहून त्याच दप्तरांत ठेवावी. रुमाल बांधणाऱ्याइतकाच तो सोडणाराहि दप्तराचा धनी असतो.