खडकवासल्याच्या कांठची घोंगडी

मुठा नदीवरील खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. त्यामागें पसरलेल्या जलाशयास इंग्रजी अमदानींत ‘लेक फाइफ’ म्हणत. हिवाळ्यांत अशा पाण्यावर बदकांच्या शिकारीस जाण्याची छावणींतील गोऱ्या अधिकाऱ्यांस मोठी हौस असे. पुढें ती इतिहासजमा झाली.

पुण्याची थंडी सौम्य खरी. पण १७ जानेवारी १९३५ रोजीं पारा १·७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. शिकाऱ्यास अंधारांत चालून घाम येई आणि मग पाण्याकांठीं उजाडेपर्यंत निश्चल बसावें लागे. घामानें भिजलेला सुती अंगरखा अंगाची ऊब ओढून घेतो. लोकर मात्र दमट झाली तरी तंतूंमध्यें हवा धरून ठेवते. म्हणून साहेब लोकरी कोट घाली, पायांस पट्ट्या गुंडाळी. आणि ही पट्ट्यांची रीत तरी त्यानें हिमालयांतील डोंगरी लोकांकडूनच उचललेली!

मावळांतील माणसापाशीं घोंगडी होती. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर, सणगरांचा माग आणि ताण्याला चिंचोक्यांची खळ. ती अंगास टोंचते, यांत शंका नाहीं. पण तिची खोळ डोक्यावरून घेतली कीं कान, मान, पाठ सारें झांकतें, आणि काळ्या खडकाशेजारीं बसलेला माणूस पांखरास चटकन् दिसत नाहीं.

टिपलेलें बदक पाण्यांत पडलें कीं तें आणावयास साहेब सहसा उतरत नसे. बरोबरचा गडी घोंगडी कोरडी राहावी म्हणून कांठावर ठेवी, लंगोटीवर पाण्यांत शिरे आणि परततांच ओल्या अंगानें तिच्यांत गुरफटून बसे.