काशीचे मोहल्ले आणि त्यांच्या शाळा

बदलीचा हुकूम हाती पडला की आपल्यापैकी बहुतेकांस बिऱ्हाडाहून अधिक विवंचना पडते ती मुलांच्या शाळेची. फी किती, शिकविण्याची भाषा कोणती, मुले कोणाची, हे प्रश्न ठरलेलेच. तेच प्रश्न एकोणिसाव्या शतकातील काशीच्या शाळांस विचारून पाहावेत असे आम्ही योजिले आहे.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूस मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. मुंज झालेला मुलगा शास्त्र्यांच्या घरी अध्ययनास जाई. तेथे फी नसे. पण ते दार सर्वांस उघडे नव्हते, मुलींस तर नव्हतेच. १७९१ साली जोनाथन डंकन याने संस्कृत पाठशाळा स्थापिली, तीही याच परंपरेस मिळालेला सरकारी आश्रय होय.

जयनारायण घोषाल यांच्या शाळेचा मासला अगदी निराळा. बंगालचे हे धनिक काशीवासास आले होते. एका इंग्रज व्यापाऱ्याने सुचविलेल्या उपचारांनी त्यांचे दुखणे हटले, त्याची उतराई म्हणून शाळेचा संकल्प झाला, आणि १८१८ साली ती चर्च मिशनरी सोसायटीच्या हवाली करण्यात आली. इंग्रजी, फारसी, हिंदुस्थानी आणि बंगाली तेथे शिकवीत. १८३७ पर्यंत फारसी ही कचेरीची भाषा होती. तिचे मोल कारकुनीवर डोळा असलेल्या बापांस सांगावयास नको.

१८५४ साली वुडचा खलिता आला, आणि त्याच साली बंगाली टोल्यात मोहल्ल्याचेच नाव लावणारी शाळा निघाली. पुढे १८६७च्या सुमारास भारतेंदु हरिश्चंद्रांनी चौखंभ्यात, स्वतःच्या घरी, मोफत शाळा उघडली. या साऱ्यांत आम्हांस अधिक मोलाची वाटते ती हीच. गल्लीतल्या पोराला गल्लीतल्या भाषेतून अक्षरओळख व्हावी हा तिचा हेतू साधा होता; परंतु त्या अक्षरांस कचेरीत थारा नव्हता. १८८२च्या शिक्षण आयोगापुढे भारतेंदूंनी हिंदी व नागरीची बाजू मांडली. सरकारी हुकूम निघावयास १८ एप्रिल १९०० उजाडावा लागला.

चौखंभा मराठी घाटांपासून दूर नाही. आमचा तर्क असा की बंगाली मुलाची लिपीच वेगळी, म्हणून त्याला आपली शाळा हवी होती. मराठी मुलाला घरची बाळबोध हिंदीच्या वर्गातही उपयोगी पडे. ही सोयच मराठीस महाग पडली. ती घरात बोलण्यापुरती राहिली, आणि विद्या हिंदीच्या पदरात गेली. १८४२ साली संस्कृत पाठशाळेत आलेल्या बापूदेवशास्त्र्यांनी बीजगणित हिंदीत लिहिले. १८८३ साली काशीतच मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर ‘आज’चे संपादक म्हणून हिंदी पत्रसृष्टीत गाजले.

मात्र लिपीच सर्व काही ठरविते असेही नव्हे. पराडकरांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांच्यापुढे तर परकी लिपी होती. तरी १९०४चे त्यांचे ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीतच आहे.