नवीन कॅमशाफ्ट बसवले आणि इंजिन फिरेना? स्टार्टर मारू नका, आधी हे वाचा

जास्त पॉवरसाठी बाहेरून 'हाय लिफ्ट' कॅमशाफ्ट मागवले, बसवले, टायमिंग बेल्ट चढवला. मग पान्याने इंजिन हाताने फिरवून पाहिलं, तर मध्येच ठक्क! पुढे जाईना. अशा वेळी शेजारी उभा असलेला कोणीतरी हमखास म्हणतो, "स्टार्टर मार, सुटेल." सुटतं खरं, पण बऱ्याचदा व्हॉल्व्ह वाकवून.

उदाहरण म्हणून टोयोटाचं ४ए-जीई इंजिन घेऊ. 'इनिशियल डी' या जपानी कॉमिकने गाजवलेल्या एई८६ गाडीतलं हेच ते. १५८७ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह आणि हेडमध्ये दोन कॅमशाफ्ट. मूळ कॅमवर त्याचे व्हॉल्व्ह साधारण साडेसात मिलिमीटर उघडतात. चालता चालता बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला लागत नाही, अशी या १६ व्हॉल्व्हच्या इंजिनाची ख्याती आहे. मोठा कॅम बसवला की ही खात्री संपते, कारण व्हॉल्व्ह जास्त खाली उतरतो आणि जास्त वेळ उघडा राहतो.

तपासायचं कसं? सगळे स्पार्क प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशनचा अडथळा राहत नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबली जाताना हाताला जड लागतं आणि कॅमचा उंचवटा ओलांडला की पाना स्वतःहून पुढे पळतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. नव्या स्प्रिंगा कडक असतील तर हे जास्तच जाणवेल.

पूर्ण फेरीभर सारखंच जड लागत असेल तर संशय कॅमच्या बेअरिंग कॅप्सवर घ्या. या कॅप्स हेडसोबतच मशिन केलेल्या असतात. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी किंवा उलटी बसली की कॅम आवळला जातो. बोल्ट एका बाजूने पूर्ण कसले तरी तेच होतं. ते थोडे थोडे, आळीपाळीने आणि टॉर्क पान्यानेच कसायचे.

पण इंजिन ठरावीक जागी धातूवर धातू आदळल्यासारखं थांबत असेल, तर लगेच हात थांबवा. आता फक्त एक गोष्ट बघायची: त्या क्षणी पिस्टन कुठे आहे?

पिस्टन अगदी वर, म्हणजे टीडीसीच्या आसपास असेल, तर तो व्हॉल्व्हला लागतोय. किंवा इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह एकमेकांना लागताहेत, कारण याच वेळी दोन्ही थोडे थोडे उघडे असतात. सर्वांत आधी टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवा. कॅमच्या पुलीला ४८ दाते असतील तर एका दाताची चूक म्हणजे कॅमचे साडेसात अंश, क्रँकचे तब्बल १५! दोन्ही कॅमची अदलाबदल झालेली नाही ना, हेही बघा.

टायमिंग बरोबर असूनही लागत असेल तर हेड उतरवावंच लागतं. पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले लावायची, जुनी गॅस्केट ठेवून हेड कसायचं, क्रँकच्या दोन फेऱ्या फिरवायच्या आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजायची. ढोबळ नियम असा, की इनटेकला २ आणि एक्झॉस्टला २.५ मिलिमीटर जागा तरी हवी. कॅमसोबत आलेल्या कार्डावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. जागा कमी पडली तर पिस्टनमध्ये व्हॉल्व्हसाठी खोबण करणं किंवा लहान कॅम घेणं, हे पर्याय उरतात.

इंजिन अडलं तेव्हा पिस्टन बराच खाली आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल, तर कारण पिस्टन नाहीच. स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर बसलेत, स्प्रिंगची वरची टोपी खालच्या ऑइल सीलला टेकतेय, किंवा कॅमचा उंचवटा हेडच्या धातूला घासतोय. शेवटचा प्रकार या इंजिनात मोठे कॅम घालणाऱ्यांना चांगलाच माहीत आहे. तिथे हेडचा थोडा धातू घासून काढावा लागतो. घासलेल्या जागी चकाकणारा ओरखडा दिसतो, तो टॉर्च मारून शोधा.

आणि स्टार्टर आधीच मारून झाला असेल तर? मग टायमिंग सुधारल्यावर इंजिन मोकळं फिरलं, तरी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. एखाद्यात ते बरंच कमी आलं, तर तिथला व्हॉल्व्ह वाकला असण्याची शक्यता मोठी आहे.