डोमेनला भाव येतो कुठून?

मंडळी, सध्या आपल्याकडची बरीच पोरं डोमेन घेऊन ठेवतायत. कुणी तालुक्याच्या नावाचं, कुणी मोठ्या कंपनीच्या नावाशी जुळणारं. मग मला विचारतात, "दादा, याचे किती येतील?" त्यासाठी थोडा इतिहास बघू.

पहिलं डॉट कॉम नाव, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ रोजी नोंदलं गेलं. तेव्हा नाव फुकट मिळायचं. १९९५ पासून वर्षाला ५० डॉलर फी लागू झाली आणि लगेच व्यापारही वाढला. बिझनेस डॉट कॉम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलं आणि दोनच वर्षांत ७५ लाखांना. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉमला ३ कोटी डॉलर मिळाले.

हेच आकडे दाखवून आज स्वप्नं विकली जातात. पण ही नावं बघा. छोटा, रोजच्या वापरातला शब्द, शंभर धंद्यांना चालणारा, आणि समोर गडगंज गिऱ्हाईक. असे शब्द कधीच संपले.

दुसऱ्याच्या नावाचं काय? १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या अमेरिकन पत्रकाराने मॅकडोनाल्ड्सचं डोमेन स्वतः नोंदवलं. कंपनीने एका शाळेला ३,५०० डॉलरची मदत दिल्यावर ते परत केलं. तो काळ वेगळा होता. १९९९ मध्ये आयकॅनने अशा वादांसाठी नियम केले. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' वापरायला मनाई केली. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण आहे. म्हणजे कंपनीच्या नावाशी खेळलात तर भाव नाही, वकिलाची नोटीस येईल.

मग किंमत कशी जोखायची? जमिनीसारखीच. मालक सांगतो तो भाव नव्हे, खरेदीखतावरचा भाव बघायचा. तसल्याच नावाचा सौदा खरंच झालाय का? आपलं नाव घ्यायची गरज नेमकी कुणाला आहे? आणि गिऱ्हाईक येईपर्यंत दरवर्षीची फी किती वर्षं भरणार? जमीन निदान पिकते तरी. डोमेन नुसतं ठेवलं तर फक्त फी खातं, आणि फी थकली की नावच हातातून जातं.

एक सावधगिरी. "गिऱ्हाईक तयार आहे, आधी मूल्यांकनाचं सर्टिफिकेट काढा" असा मेल आला तर एक रुपयाही भरू नका. अशा मेलमध्ये गिऱ्हाईक नसतंच, सर्टिफिकेटची फी हाच त्यांचा धंदा असतो.

तालुक्याचं नाव घेतलंच असेल तर त्यावर बाजारभाव, एसटीचं वेळापत्रक, नोकरीच्या जाहिराती टाका. लोक रोज यायला लागले तर विकायला काहीतरी हातात असेल. नाहीतर पुढच्या वर्षीची फी भरण्याआधी घरच्यांशी एकदा बोला.