मान धरली की मान पडली?

महाड-पोलादपूरच्या डोंगरपट्ट्यात मान दुखू लागली, की पहिला संशय डोक्यावरच्या ओझ्यावर जातो. भाताचा भारा, लाकडाची मोळी, पाण्याचा हंडा, सगळं पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरूनच आलं. त्यामुळे ‘मान धरली’, ‘लचक भरली’ हे शब्द घराघरांत रुळले. तेल चोळायचं, शेकायचं, दोन दिवस ओझं टाळायचं. बहुतेक माना एवढ्यानं मोकळ्या होत, आजही होतात. वैद्याची परीक्षा असते ती उरलेल्या थोड्या दुखण्यांत.

त्यातलं सर्वांत जुनं म्हणजे धनुर्वात. पायात काटा मोडतो किंवा विळा लागतो, जखम भरतही येते. मग काही दिवसांनी जबडा आवळतो, मान ताठते आणि पाठ धनुष्यासारखी मागे वाकते. नाळ अस्वच्छ हत्यारानं कापली गेली, तर तान्ह्या बाळालाही तो गाठायचा. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि चित्र पालटलं. २०१५ साली माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं.

मण्यारीचं निदान त्याहून अवघड. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटदुखीनं, उलटीनं. घसा दुखतो, गिळता येत नाही, पापण्या जड होतात. अंथरुणावरून डोकं उचलायला सांगितलं, तर मान उचलत नाही, खाली पडते. घरच्यांना वाटतं बाधा झाली. पोटदुखीपाशीच थांबणाऱ्या डॉक्टरलाही चकवा बसू शकतो. पण मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. पापण्या आणि मान आधी ढिल्या पडतात, पुढे श्वासाचे स्नायू. प्रतिसर्पविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास मिळेपर्यंतचा प्रत्येक तास मोलाचा.

शरीरावरच्या अशा खुणा ओळखून त्या टिपून ठेवण्याचं काम याच भागात झालं आणि ते जगभर वाचलं गेलं. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशानं तेव्हा माणसं मरत होती, लहान मुलं तर विशेष. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मुलग्यांत लिंगाची ताठरता: एवढं दिसलं, की विष हृदयाकडे वळलं आहे, हे त्यांनी ओळखलं. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये या पूर्वखुणा प्रसिद्ध झाल्या. १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिनचा उपाय आला. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. गंभीर रुग्णांत चाळीस टक्क्यांपर्यंत असलेला मृत्युदर पुढे एक टक्क्याच्या आसपास आला. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी मण्यार आणि नागाच्या दंशावरही ग्रामीण रुग्णांच्या नोंदींतून लिहिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामाच्या मुळाशी यंत्र नव्हतं. रुग्ण काल कुठे झोपला, काय तुडवलं, घाम कधी सुटला, हे विचारण्याची चिकाटी होती. मानेच्या दुखण्यालाही तेच प्रश्न लागू पडतात. सावित्री नदीचा पूर ओसरल्यावर चिखलात राबलेल्या माणसाला ताप आला आणि मान आखडली, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. केशकर्तनालयात मान ‘मोडून’ घेतल्यावर अचानक दुखू लागली आणि चक्कर आली, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याची शक्यता क्वचित का होईना, असते. छातीतून मानेत, जबड्यात चढणारी कळ हृदयाची असू शकते.

म्हणून घरातल्या कुणाची मान अचानक दुखू लागली, तर तेलाची बाटली काढण्याआधी एवढं पाहा: ताप आहे का, पापण्या मिटताहेत का, गिळता येतं का, हातापायांत जोर आहे का, घाम सुटतोय का. यातलं एकही दिसलं तर शेकत बसू नका. गाडी काढा आणि थेट दवाखाना गाठा.